घरी पोचेपर्यंत काय टिकतं? बेडोकच्या नासी लमाकवाल्या दुकानाचे आठ महिने

सिंगापूरला आल्यावर पहिले दोन महिने मी नेटाने रोज स्वयंपाक केला. मग ऑफिस बदललं, परतायला साडेसात वाजायला लागले आणि घराजवळच्या एका ब्लॉकखालचं, म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचं, मलय दुकान नेहमीचं झालं. आता आठ महिने होत आले. आठवड्यातून दोनदा तरी तिथून डबा येतो. तक्रारीही लिहिणार आहे, म्हणून दुकानाचं नाव देत नाही. बेडोकमध्ये, म्हणजे आमच्या भागात, अशी दुकानं बरीच आहेत, त्यामुळे हे सगळं इतरांनाही थोडंफार लागू पडेल.

दुकान म्हणजे काचेची एक कपाट-मांडणी, मागे शेगडी, पुढे दोन स्टुलं. त्या स्टुलांवर बसून खाणारं कुणी मी पाहिलेलं नाही. गल्ल्यावर साठीच्या आसपासची बाई असते. इथे अशा बाईला 'मकचिक' म्हणतात, म्हणजे मावशी. ती प्रत्येकाला एकच विचारते, "मकान सिनी, बुंगकुस?" इथेच खाणार की बांधून देऊ? मलयमध्ये मकान म्हणजे खाणं, हे कळायला मला आठवडा लागला. तोवर ही बाई माझ्या घराची चौकशी का करते, या विचारात मी हसून मान डोलवायचे, आणि ती बांधून द्यायची.

नासी म्हणजे भात, लमाक म्हणजे स्निग्ध, दाट. नारळाच्या दुधात शिजवलेला भात म्हटल्यावर नवऱ्याला नारळीभात आठवला आणि पहिला घास घेऊन तो गोंधळला, कारण यात गूळ नाही, केशर नाही. मीठ, आल्याची चकती आणि गाठ मारून टाकलेलं पांदानचं पान, बस्स. सोबत काकडी, तळलेले शेंगदाणे, इकान बिलिस म्हणजे तळलेली बारीक सुकी मासळी, अंडं आणि सांबाल. वर हवं ते घ्या: कोंबडीचा तळलेला पंख, बगडिल म्हणजे बटाट्याचा पॅटिस, किंवा काट्यांसकट चावून खायचा छोटा कुरकुरीत मासा. सगळं तपकिरी कागदात घट्ट बांधून मिळतं.

या दुकानात जायचं ते भातासाठी. दाणा सुटा राहतो, तरी कोरडा लागत नाही. कागद उघडल्यावर जो वास येतो तो मला पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला, पण नाव सापडेना. ते सासूबाईंनी सांगितलं. त्या दिवाळीत दोन महिने आल्या होत्या. काचेमागच्या टोपलीतलं पान बघून म्हणाल्या, "अगं, ही तर आंबेमोहोराची पात. आमच्या अंगणात होती, साध्या भातात टाकायचो." खरंच तेच झाड. बासमतीला, आंबेमोहोर तांदळाला आणि पांदानला येणारा सुगंध मुळात एकाच द्रव्याचा आहे, म्हणून ओळख पटली.

सांबालबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. माझं माहेर मालवणचं. सुक्या मिरच्या भिजवून वाटायच्या, कांदा, चिंच, थोडी साखर, आणि बलाचान, म्हणजे आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीची वडी. मग हे सगळं तेल सुटेपर्यंत परतायचं. मलयमध्ये याला 'पचाह मिन्याक' म्हणतात, तेल फुटणं. घाईत केलेला सांबाल कच्च्या मिरचीसारखा घशाला लागतो. इथला तसा लागत नाही. बलाचानचा वास कच्चा असताना आमच्या सुकटीच्या डब्यासारखा येतो. नवरा साताऱ्याचा, तो अजूनही घरात शिरताना आधी खिडक्या उघडतो. खातो मात्र दोन चमचे जास्त.

आता मुद्द्याचं. दुकानातून माझ्या घरापर्यंत चालत अकरा मिनिटं लागतात, वर लिफ्टसाठी थांबणं. बाहेर बत्तीस अंश आणि दमट. या अकरा मिनिटांत काय टिकतं आणि काय नाही, हे शिकायलाच मला तीन-चार महिने लागले. दुकान चांगलं की वाईट, हे बरंचसं त्यावर ठरतं.

तळलेला पंख टिकत नाही. काचेमागे काय सुंदर दिसतो! हळदीचं, गवती चहाचं आवरण, वर कुरकुरीत चुरा. कागदात गरम भाताशेजारी बांधला की वाफेने सालपट ओलं होतं आणि घरी निघतं उकडलेल्यासारखं. मग मी त्याला वेगळ्या पिशवीत, तोंड उघडं ठेवून द्यायला सांगू लागले. मकचिक एकदा म्हणाली, "यू व्हेरी फसी, आह." पण आता न सांगता तसं देते. फरक खूप पडतो.

'मी रबुस' हा नूडल्सचा पदार्थ मागवूच नका, निदान बांधून तरी नको. पिवळ्या नूडल्स, रताळं घालून दाट केलेला रस्सा, वर अंडं, हिरवी मिरची आणि छोटं आंबट लिंबू. तिथेच उभं राहून खाल्लं तर छान. घरी आणलं तर नूडल्स रस्सा पिऊन टाकतात आणि डब्यात उरतो एक गोळा. रस्सा वेगळा मागितला तर देतात, पण तो दोन-तीन मिनिटांत खिरीसारखा घट्ट होतो. मी दोनदा पैसे घालवले, तुम्ही घालवू नका.

रेंडांगचं उलटं आहे. मांस नारळाच्या दुधात, पाणी पूर्ण आटेपर्यंत तास न् तास शिजवलेलं, शेवटी त्यात करिसिक, म्हणजे भाजून कुटलेलं खोबरं. आमच्या मालवणी वाटपाचा हा सख्खा भाऊ, फक्त हे लोक त्यात गवती चहा आणि गलंगल, म्हणजे आल्याच्या जातीचा कंद, घालतात आणि आम्ही धणे-बडीशेप. अकरा मिनिटं सोडाच, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ते अधिक चांगलं लागतं. इथलं कोंबडीचं रेंडांग मला बीफपेक्षा बरं वाटतं. बीफ कधी मऊ मिळतं, कधी दोरीसारखं, आणि विचारल्यावर मकचिकचं उत्तर ठरलेलं: आज गाय म्हातारी होती.

भात मात्र उरवू नका. एकदा दुपारचं पुडकं मी रात्री दहाला उघडलं. नारळाचं दूध या हवेत टिकत नाही, आंबूस वास येत होता. ती चूक माझी, दुकानाची नाही.

शाकाहारी मंडळींसाठी. सासूबाई माळकरी. मी मोठ्या उत्साहाने त्यांना तिथे नेलं, कारण काचेत फरसबी आणि कोबीची नारळाच्या रशातली भाजी होती, टोफू होता. मकचिकने सरळ हात आडवा केला. भाजीत वाळवलेली कोळंबी. सांबालमध्ये बलाचान. शेंगदाणे मासळी तळलेल्याच तेलात तळलेले. "सेम ऑइल, आंटी, कॅनॉट." तिने खपवून दिलं असतं तर आम्हाला कळलंही नसतं. गिऱ्हाईक हातचं जात असताना ती हे बोलली, म्हणून मी पुढच्या तक्रारी जरा मऊ आवाजात लिहिते आहे.

सासूबाईंना शेवटी मिळालं ते ओंदे-ओंदे. तांदळाच्या चिकट पिठाचे पांदानने हिरवे केलेले गोळे, आत गुला मलाका, म्हणजे माडाच्या रसाचा गूळ, आणि बाहेरून ओल्या खोबऱ्यात घोळवलेले. त्यांनी पहिला अर्धा चावला आणि गूळ साडीवर. हा तोंडात अख्खाच टाकायचा असतो, ते सांगायचं राहिलं. दुसरा खाऊन म्हणाल्या, "हा मोदकच, पण आतला बाहेर." मग रोज संध्याकाळी चार गोळे. हे सकाळीच बनवतात, त्यामुळे सहानंतर घेतले तर खोबरं सुकलेलं असतं. दुपारी तीनच्या आत घ्या.

तक्रारी. सुरुवातीला साधा सेट साडेचार डॉलरला होता, आता पाच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. इथे जीएसटी लावत नाहीत, सर्व्हिस चार्ज नाही. मॉलमधल्या रेस्टॉरंटात मेनूवरच्या आकड्यावर दहा टक्के सेवा आणि वर नऊ टक्के कर चढतो, तसं नाही. पण भाव वाढल्याच्याच महिन्यात इकान बिलिस अर्ध्यावर आले आणि अख्ख्या अंड्याचं अर्धं झालं. हे दोन्ही एकदम करायला नको होतं. डब्याचे तीस सेंट वेगळे, म्हणून मी घरचा स्टीलचा डबा नेते. त्यात भातही जरा जास्त पडतो, असा माझा संशय आहे.

दुसरं, वेळ. पाटीवर रात्री नऊ लिहिलंय, पण सातला रेंडांग संपतं, साडेसातला सांबाल. ज्यांचं ऑफिस उशिरा सुटतं त्यांच्या वाट्याला नुसता भात आणि बगडिल. आगाऊ सांगून ठेवायची सोय नाही. मी विचारलं तर मकचिक म्हणाली, फोन उचलायला हात कुठे आहेत. मुलगा मदतीला असतो, पण तो फोनमध्ये असतो. २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या छोट्या दुकानांच्या परंपरेला, वारशाच्या यादीत घेतलं, तो वारसा या पोराकडे जाणार असेल तर सांबालचं अवघड आहे.

डिलिव्हरी ॲपवरही हे दुकान आहे. तिथे सेट दीड डॉलरने महाग, आणि एकदा पंचेचाळीस मिनिटांनी आलेल्या पुडक्यात काकडीसुद्धा गरम झाली होती. त्यापेक्षा चालत जा.

रमजानमध्ये दुकान दुपारी तीनला उघडायचं आणि रोजा सोडायच्या आधी तासभर रांग ब्लॉकच्या कोपऱ्यापर्यंत. मी एकदा चुकून त्या रांगेत उभी राहिले. पुढच्या काकांनी घड्याळ बघत मला त्यांच्या आधी जाऊ दिलं, कारण माझा डबा एकच होता आणि त्यांचे अकरा. त्यानंतर हरी रायाला, म्हणजे ईदला, दुकान दहा दिवस बंद. त्या दहा दिवसांत मी घरी सांबाल करून पाहिला. तेल सुटलं, रंग आला, नवऱ्याने खिडक्या उघडल्या. चव आली नाही. उघडल्या दिवशी मकचिकला विचारलं तर तिने मिरच्यांच्या बिया काढल्या होत्या का, एवढंच विचारलं. काढल्या नव्हत्या.

सोमवारी बंद. पंख वेगळ्या पिशवीत मागा.