‘मधमाश्यांसाठी’ बियांचं मिक्स पाकीट: मकरंद भरपूर, पराग कमी

फुलझाडांच्या बियांचं मिक्स पाकीट ऑनलाइन मागवलं होतं, वर मोठ्या अक्षरात ‘मधमाश्यांसाठी’ लिहिलेलं. आता सगळं फुलून झालंय म्हणून रिव्ह्यू टाकतेय. उगवण मस्त झाली, त्याबद्दल तक्रार नाही. कॉसमॉस, सूर्यफूल, साल्व्हिया, सब्जा, झिनिया एवढं निघालं त्यातून.

पण मी घेतलं होतं ते ब्लू बँडेड बीसाठी, ती काळ्या पोटावर निळे चमकदार पट्टे असलेली एकांडी माशी. हिचं पोळं नाही, राणी-कामकरी नाहीत, प्रत्येक मादी स्वतःच मातीत बीळ करते आणि पिल्लांच्या खाण्याची सोय एकटीच बघते. सब्जा आणि साल्व्हियावर तर ती तुटून पडते, जीभ लांब असल्यामुळे नळीसारख्या फुलातला मकरंद तिला आरामात मिळतो, फुलासमोर क्षणभर हवेत थांबते, आत तोंड घालते की लगेच पुढच्या फुलावर. या दोन झाडांसाठी पाकिटाला फुल मार्क्स.

झिनिया मात्र डबल निघाली. दिसायला भारी, पण मधल्या बारीक फुलांच्या जागी पण पाकळ्याच पाकळ्या, मग पराग मिळणार कुठून? आणि पराग हाच तर मुद्दा आहे ना, मादी पराग आणि मकरंद कालवून बिळातल्या कप्प्यात ठेवते, त्यावर अंडं घालते, कप्पा बंद करते, अळी तेवढ्यावरच वाढते. मधाचा साठा वगैरे काही नसतो, त्यामुळे फुलांत खंड पडला की तिचं काम अडलंच.

म्हणून शेजारी वांगी लावली आणि खरी मजा तिथे आहे!! वांग्याच्या फुलात मकरंद नसतो, परागही पिवळ्या नळ्यांत कोंडलेला, टोकाला फक्त बारीक भोकं. ही येते, फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवते आणि पराग भुरभुर अंगावर सांडतो. आवाज उडतानाच्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीतला असतो, एकदा कान बसला की न बघता कळतं. पोळ्यातल्या मधमाश्यांना हे जमत नाही.

५ पैकी ३.५ स्टार. कंपनीने डबल झिनिया काढून साधी द्यावी आणि कुठलं फूल कधी येणार ते पाकिटावर छापावं. घेणार असाल तर सोबत वांगी नाहीतर टोमॅटो लावाच, आणि थोडी माती उघडी ठेवा, सगळीकडे मल्चिंग केलं तर ती बीळ कुठे करणार.