लायपोसोमल ट्रेटिनॉइन जेल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात नागपुरात पार्सलने आलेली पाचवी ट्यूब दाबली, तेव्हा आधी पिवळसर, तेलकट पाण्याचा थेंब बाहेर आला आणि त्यामागून रव्यासारखे कणीदार जेल आले.

ऑक्टोबरमध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी मुरमांसाठी ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनचे हे जेल लिहून दिले, तेव्हा औषध तेच आणि प्रमाणही तेच असताना साध्या क्रीमच्या जवळजवळ दुप्पट पैसे का मोजायचे, हे मला पटले नव्हते. मात्र साध्या क्रीमने पूर्वी माझ्या नाकाच्या कडेची सालपटे निघाली होती आणि तिसऱ्याच आठवड्यात मी ते सोडले होते. या जेलनेही पहिल्या महिन्यात पुळ्या वाढल्या, पण आग झाली नाही, आणि बाराव्या आठवड्यानंतर हनुवटीवर नवी पुळी क्वचितच आली. तेव्हा मी माझे मत बदलले.

फरक पुटिकांचा, म्हणजे लायपोसोमचा आहे. फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या या अतिसूक्ष्म पिशव्यांत कोंडलेले ट्रेटिनॉइन त्वचेवर एकदम न सुटता हळूहळू सुटते, आणि पिशवीचे वेष्टन त्वचेतील स्निग्ध थराशी जुळणारे असल्याने औषधाला केसांच्या मुळांजवळच्या तैलग्रंथींपर्यंत पोहोचायला मदत होते. पण उष्णतेने याच पिशव्या गळू लागतात, एकमेकींत मिसळतात. गोठल्यावर बर्फाचे स्फटिक त्या फोडतात. माझ्या वेष्टनावर २५ अंशांखाली ठेवा आणि गोठवू नका, असे स्पष्ट छापलेले आहे. तरीही ४५ अंशांच्या उन्हात ते पार्सल दिवसभर दुचाकीवरच्या पोत्यात फिरले. दुप्पट किंमत ज्या गोष्टीसाठी मोजली, तीच वाटेत नष्ट झाली. ती ट्यूब मी चार रात्री लावून पाहिली आणि नाकाच्या कडेची जुनी आग परत आली.

विक्रेत्याने सील उघडल्याचे कारण देऊन पैसे परत करण्यास नकार दिला. तापमानाबद्दल मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा उत्तर आले की मुदत संपलेली नाही. मुदत हा माझा प्रश्नच नव्हता.

सहावी ट्यूब मी वातानुकूलित दुकानातून, संध्याकाळी, स्वतः जाऊन आणली आणि ती फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवली आहे. रात्री मटाराच्या दाण्याएवढे जेल पुरते. ते एकसंध आहे, आणि आग पुन्हा थांबली आहे.