माहीमचा चेलो क्लास : सव्वा वर्षाचा हिशेब

चेलो म्हणजे व्हायोलिनचाच मोठा, खर्जातला भाऊ. तो मी माहीमला एका सरांकडे सव्वा वर्ष शिकतेय. आधी पैशांचं. तासाला १,२०० रुपये, आठवड्यातून एक तास, एक तारखेला रोख. पावती नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि सर फोन क्वचितच उचलतात. मी बँकेत आहे. पावतीशिवाय पैसे देताना पहिले दोन महिने हात आखडायचा, आता सवय झाली.

सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वय शहात्तर. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे दो-रे-मीची सरगम, शिकून एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आले आणि धोबीतलावला आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या वसतिगृहात, उतरले. हातात तेव्हा व्हायोलिन होतं. ‘व्हायोलिनवाले ढीगभर, चेलोवाले चार,’ म्हणून वाद्य बदललं. पुढची वीसेक वर्षं हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेली, ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब. सकाळी स्टँडवर ताजं नोटेशन ठेवलेलं असायचं, एक-दोन रिहर्सल की टेक. गायक, तबला, शंभरभर वादक सगळे एकदम. एकाचा सूर हलला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. मग कीबोर्ड आले, एकाच माणसाच्या दहा बोटांत अख्खा स्ट्रिंग सेक्शन, म्हणजे व्हायोलिन-चेलोंचा ताफा, मावू लागला आणि फोन वाजायचे थांबले. तेव्हापासून सर शिकवतात.

हे सगळं सांगायचं कारण, शिकवण्यात तेच उतरलंय. आयुष्यभर रांगेत बसून वाजवलेल्या माणसाचा हा क्लास आहे.

पहिला महिना मी एकच तार वाजवली, सगळ्यात जाड, सी. सेकंदाला साधारण ६५ कंपनं. लहानपणी तंबोऱ्यामागे बसलेल्या कुणालाही हा खर्ज ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की चेलो गुडघ्यांत धरून छातीला टेकवलेला असतो, त्यामुळे सूर कानाआधी हाडात पोचतो. ‘दाबू नका, वजन सोडा,’ हे वाक्य मी दोनशे वेळा तरी ऐकलं असेल. दाबलं की तार कुरकुरते. खांद्यापासून हात सैल सोडून बो, म्हणजे गज, नुसता ओढला की आवाज खोलीभर पसरतो आणि खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो. कुत्रा भुंकला की सर म्हणतात, ‘आता आला टोन.’

बोटं ठेवायच्या पट्टीवर खुणेचे स्टिकर लावून मिळत नाहीत. सतारीसारखे पडदे नसतात, बोट कुठे पडायचं ते कानाने शोधायचं. मी घरी गुपचूप लावले होते, सरांनी पुढच्या तासाला नखाने खरवडून काढले.

आता माझा मूर्खपणा. ऐन पावसाळ्यात एक व्हिडिओ बघून मी चारही तारा एकदम काढल्या. आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि चेलो हलवला की पोटात काहीतरी घरंगळायला लागलं. टॅक्सीत आडवा घालून माहीम गाठलं. सरांनी नुसता कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, ‘आल्मा पडला.’ वाद्याच्या आत, घोडीच्या एका पायामागे, पोट आणि पाठ यांच्यामध्ये एक छोटा लाकडी खांब नुसता अडकवलेला असतो, डिंक नाही, खिळा नाही. तारांचा ताण गेला की तो निसटतो. इंग्रजीत त्याला साउंडपोस्ट म्हणतात. पोर्तुगीजमध्ये आल्मा, म्हणजे आत्मा. सरांनी एस आकाराची लोखंडी सळी घेतली, तिच्या टोकाला खांब टोचला, पुढच्या एफ आकाराच्या भोकातून आत घातला आणि दुसऱ्या भोकाजवळ दातांच्या डॉक्टरसारखा छोटा आरसा धरून पाऊण तास ढकलाढकली केली. मधे दोनदा खांब पडला, दोनदा कोकणीत शिवी. तारा लावून बो ओढला तर आवाज आधीपेक्षा मोकळा. माझ्या चेलोत हा खांब दुकानातूनच थोडा वाकडा आला होता म्हणे. पैसे घेतले नाहीत. ‘तारा एकेक करून बदला, मॅडम,’ एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी चौघांचा एकत्र तास असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. माझ्या मते क्लासची खरी किंमत इथे वसूल होते. दोघांत एक स्टँड. आत बसलेल्याने पान उलटायचं, बाहेरच्याने वाजवत राहायचं. चौघांचे बो एकाच दिशेने, वर तर वर. मी शेजारच्या कॉलेजातल्या मुलापेक्षा जोरात वाजवलं तेव्हा सर थांबले आणि म्हणाले, ‘तुम्हाला तुमचा आवाज वेगळा ऐकू येतोय ना? म्हणजे चुकतंय.’ घरी आई म्हणाली, आमच्या गुरुजींनी हे ऐकलं असतं तर शिष्यच पळवून लावला असता.

सोलो शिकायला येणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते. मीही विचारलंच होतं, जर्मन संगीतकार बाखच्या एकट्या चेलोसाठीच्या सहा स्वीटपैकी (स्वीट म्हणजे छोट्या रचनांची माळ) पहिली कधी? उत्तरादाखल सरांनी प्रसिद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्सची गोष्ट सांगितली. तेरा वर्षांच्या पोराला बार्सिलोनाच्या एका जुन्या दुकानात त्या स्वीटची प्रत सापडली, आणि लोकांसमोर वाजवायला त्याने बारा वर्षं लावली. मी एकोणपन्नास अधिक बारा असा हिशेब केला आणि गप्प बसले. मागच्या महिन्यात मात्र पहिल्या स्वीटच्या प्रिल्यूडच्या, म्हणजे सुरुवातीच्या तुकड्याच्या, पहिल्या चार ओळी त्यांनी स्वतःच काढून दिल्या, पेन्सिलने बो कुठे वर, कुठे खाली ते लिहून. अक्षर अजून कॉपिस्टसारखं, म्हणजे वादकांसाठी नोटेशन उतरवून देणाऱ्यासारखं, स्वच्छ आहे.

तक्रारीही आहेत. परीक्षांची तयारी करून घेत नाहीत, ग्रेड हवी असेल त्यांनी दुसरीकडे जावं. ‘सिनेमाचं गाणं शिकवा’ म्हटलं की कपाळाला आठ्या, हे मला अजून कळलेलं नाही. डास भयंकर. आणि चेलो घेऊन लोकलने जायचं तर मालडबाच. कोळणी टोपल्या सरकवून जागा करतात, पण ‘तंबोरा काय गो?’चं उत्तर दर वेळी द्यावं लागतं.

जायचं ठरवलंत तर स्वतःचा चेलो लागेल, सुरुवातीला भाड्याने घ्या. गुळगुळीत लादीवर चेलो टेकवायची खालची सळी घसरते, पण सरांनी खुर्चीच्या पायाला जुना कमरेचा पट्टा बांधून ठेवलाय, त्याच्या बक्कलात ती अडकवायची. आणि डाव्या हाताची नखं घरूनच कापून जा. स्टँडला नेलकटर टांगलेलं असतं, माझ्या पहिल्या तासातली वीस मिनिटं त्यातच गेली, पैसे मात्र पूर्ण तासाचे.