शेवटचा टप्पा: एका दमात घर गाठायचं, की वाटेत एक रात्र काढायची?

आप्तांना, जुन्या मित्रांना भेटत गाडीने मोठी फेरी केली, की शेवटच्या दिवसाचा नूरच वेगळा असतो. आधीच्या प्रत्येक टप्प्याच्या टोकाला कुणीतरी वाट बघत असतं. उशीर झाला की फोन येतो, ‘कुठपर्यंत आलात?’ शेवटच्या दिवशी टोकाला असतं आपलंच बंद घर आणि दुसऱ्या सकाळचं काम. थांबा म्हणणारं कुणी नसतं, म्हणून घाई वाढते आणि हिशोब ढिला पडतो.

हा हिशोब बहुतेक जण किलोमीटरमध्ये करतात. माझ्या मते प्रश्न एवढाच विचारावा: घराचं कुलूप उघडेन तेव्हा मला जागं होऊन किती तास झालेले असतील? 1997 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात डॉसन आणि रीड या संशोधकांचा एक छोटा शोधनिबंध आला होता. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचालींतली अचूकता रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना होते तितकी घसरते, आणि 24 तासांनंतर ती 0.10 टक्क्यांच्या जवळ जाते, असं त्यात दिसलं. कित्येक देशांत 0.05 हीच गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे एक थेंबही न घेता आपण तिथवर पोहोचू शकतो.

तुलनेसाठी एकच उदाहरण धरू. घर 700 किलोमीटरवर आहे. प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे दहा तास, थांबे धरून बारा. निघायचे चार मार्ग आहेत: सकाळी लवकर, जेवून, रात्री, किंवा जेवून निघून वाटेत मुक्काम.

सकाळी लवकर

पाचला उठून सहाला निघालात तर संध्याकाळी सहाला घरी. जागेपणाचे तास तेरा. कागदावर याला तोड नाही. बराचसा प्रवास उजेडात होतो, आणि टायर थंड असताना हवा तपासता येते. परतीच्या दिवशी ते महत्त्वाचं आहे, कारण गाडी भेटींनी, पिशव्यांनी गच्च भरलेली असते. भरल्या गाडीसाठी किती हवा हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि तो आकडा थंड टायरचा असतो.

‘चारलाच निघू, रस्ता मोकळा मिळेल’ हा सल्ला मात्र मला पटत नाही. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळाचा सगळ्यात खोल खड्डा. रस्ता मोकळा मिळतो खरा, पण त्यावर आपण अर्धवट झोपेत असतो.

या पर्यायाची खरी मेख आदल्या रात्रीत आहे. शेवटची रात्र म्हटल्यावर गप्पा रंगणारच. बारा वाजतात, एक वाजतो, कुणीतरी जुने फोटो काढतं. पहाटे पाचचा गजर लावून झोपलेल्या ड्रायव्हरला चार तास मिळतात. अमेरिकेतल्या ‘एएए फाउंडेशन फॉर ट्रॅफिक सेफ्टी’च्या 2016 च्या अहवालानुसार, चोवीस तासांत चार ते पाच तासच झोपलेल्या चालकांचं अपघातात सापडण्याचं प्रमाण सात तास झोपलेल्यांच्या चौपटीच्या आसपास होतं. तेव्हा सकाळी निघायचं ठरलं असेल तर निरोपाचं सगळं आदल्या संध्याकाळीच उरका: पाया पडणं, मिठ्या, डोळे पुसणं, सामान गाडीत भरणं. आणि जो गाडी चालवणार आहे त्याने दहाला अंथरूण गाठावं. लोक रागावत नाहीत. रागावले तरी दोन दिवसांत विसरतात.

जेवून निघणं

सगळ्यात जास्त लोक हेच करतात, आणि बहुतेकदा ते कुणी ठरवलेलं नसतं. ‘सकाळी लवकर निघू’ हे नाश्त्यापर्यंत लांबतं. मग ‘आता जेवूनच जा.’ मग कुणीतरी शेजारून भेटायला येतं, डब्यांची झाकणं सापडत नाहीत, मुलं चपला घालून पुन्हा आत पळतात. पाय निघत नाही म्हणतात ते हेच. अखेर एक वाजता गाडी सुरू होते.

पुढचं गणित बघा. दुपारी दोन ते चार हा शरीराचा दुसरा उतार. तो पोट रिकामं असलं तरी येतो, भरल्या पोटाने अधिकच जाणवतो. म्हणजे निघाल्या निघाल्या झापड. त्यानंतर पश्चिमेकडे जात असाल तर कलता सूर्य थेट डोळ्यांत. मग अंधार. उदाहरणातलं घर येतं रात्री एकला. सकाळी सातला उठला असाल तर जागेपणाचे अठरा तास, आणि प्रवासातला सगळ्यात थकलेला भाग सगळ्यात काळोखात.

याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. झोप पुरी होते आणि निरोप निवांत घेता येतो. वयस्कर माणसांना पहाटे अंधारात टाटा करावा लागत नाही. त्यांच्यासाठी तो निरोप कदाचित वर्षभराचा असतो, हे मी हलकं धरत नाही. अंतर तीन-साडेतीनशे किलोमीटरच्या आत असेल तर मी स्वतः हेच निवडेन. त्यापुढे मात्र जेवून निघायचं तर मुक्कामाची तयारी ठेवूनच.

रात्री निघणं

‘रात्री ट्रॅफिक नसतो, मुलं झोपतात, सकाळी घरी.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तरीही हा पर्याय मी बाद धरतो. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री नऊला निघतो, तेव्हाच त्याचे चौदा तास झालेले असतात. मध्यरात्री सतरा. पहाटे चारला, त्या खोल खड्ड्यात, एकवीस.

ताशी 100 किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे 110 मीटर गाडीला कुणी चालवणारा नाही. आणि ही डुलकी लागली होती हे ती घेणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही.

‘आम्ही दोघं आहोत, आळीपाळीने चालवू’ असा मुद्दा येतो. पण ते दोघंही त्याच घरात दिवसभर जागे होते. दुसरा खरंच दुपारी तीन-चार तास झोपला असेल तर बोला. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, गालावर चापट्या मारणं यांचा उपयोग झाला तर काही मिनिटांपुरता. झोपेवर चालणारा तात्पुरता उपाय एकच: सुरक्षित जागी गाडी लावा, कॉफी प्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफी चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर झोपेचा तुकडा पदरात पडतो. त्याहून लांब झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं, तेव्हा लगेच स्टिअरिंग धरू नका. यानेही तास-दोन तास मिळतात, अख्खी रात्र मिळत नाही.

वाटेत मुक्काम

जेवून एकला निघायचं, सहा-सातला थांबायचं, दुसऱ्या दिवशी उरलेले 350 किलोमीटर कापून दुपारच्या आत घरी. दोन्ही दिवशी जागेपणाचे तास बारा-तेराच्या पुढे जात नाहीत. खर्च वाढतो आणि एक सुट्टी जाते. तोटे एवढेच, पण ते खरे आहेत.

लोक मुक्काम टाळतात त्याला पैशांशिवाय आणखी एक कारण असावं. नेदरलँड्समधले संशोधक नील्स व्हॅन डे व्हेन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की परतीचा प्रवास जातानाच्या प्रवासापेक्षा साधारण 20 टक्के छोटा वाटतो, तेवढ्याच लांबीच्या वेगळ्या रस्त्याने आलं तरीही. म्हणून ‘आलोच की आता’ असं वाटू लागतं. हे छोटं वाटणं मनातलं आहे. डोळ्यांना आणि कमरेला किलोमीटर तेवढेच पडतात.

धंद्याने गाडी चालवणाऱ्यांचे नियम इथे मोजपट्टी म्हणून बरे पडतात. युरोपीय संघात ट्रक-बस चालकाला साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि दिवसाला नऊ तास चालवायची मुभा. दहा तास चालवता येतात, पण आठवड्यातून दोनदाच. आपल्या उदाहरणातले दहा तास म्हणजे रोजच्या सरावाच्या माणसाचीही कमाल मर्यादा. तीही बरेच दिवस फिरून, परक्या गाद्यांवर झोपून झाल्यावर आपण गाठायला निघतो.

गाडीत वयस्कर माणसं असतील तर पारडं आणखी मुक्कामाकडे झुकतं. चार तासांहून जास्त सलग बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात आहे. मुळात तो धोका कमी असतो, घाबरण्यासारखं नाही. पण दर दोन तासांनी उतरून चार पावलं चालायचं ठरवलं तर बारा तासांचे तेरा-चौदा होतात, आणि मग एका दिवसाचं गणित फसतं.

मुक्काम गोड शेवटासाठी करावा, असंही सुचवतात. आधार असतो मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्या 1993 च्या प्रयोगाचा. लोकांनी एकदा 60 सेकंद 14 अंशांच्या, बोचणाऱ्या गार पाण्यात हात बुडवला. दुसऱ्यांदा तेवढंच करून वर आणखी 30 सेकंद हात पाण्यातच, पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत नेत. पुन्हा कुठला प्रकार कराल, म्हटल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला, कारण त्याचा शेवट जरा सुसह्य होता. प्रयोग सुंदर आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. गार पाण्यातून हात काढणं आणि आजीच्या घरातून निघणं यांत बरंच अंतर आहे. एवढं खरं, की घामाघूम होऊन एकमेकांवर ओरडत रात्री एकला घरात शिरलं, तर त्या फेरीबद्दल आधी तेच सांगितलं जातं.

मुक्काम लॉजवर, की वाटेतल्या नातेवाइकाकडे?

वाटेवर एखादं घर असतंच. तिथे थांबलं तर पैसे वाचतात, भेटही होते. पण तो मुक्काम नव्हे, ती आणखी एक भेट. पुन्हा रात्री बारापर्यंत गप्पा, पुन्हा ‘जेवूनच जा’, पुन्हा एकला गाडी सुरू. ज्या कारणासाठी थांबलो तेच निसटतं. त्या घरी जायची इच्छा असेल तर त्यांना फेरीच्या मध्यात पूर्ण दिवस द्या. शेवटच्या रात्री अनोळखी खोली बरी: कुणाशी बोलावं लागत नाही, नऊला दिवा बंद.

अपवाद आहे. काही घरं अशी असतात, की पोहोचल्यावर किल्ली हातात देतात, अंथरूण दाखवतात आणि म्हणतात, ‘सकाळी उठलात की निघा, आम्हाला उठवू नका.’ असं घर वाटेवर असेल तर लॉज शोधू नका.

सुट्टी उरलेलीच नसेल आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणं भाग असेल, तर वरच्या चारांपैकी एकच उरतो: सकाळी सहा. त्यासाठी आधीच्या एखाद्या घरातला मुक्काम एका दिवसाने कापावा लागला तरी कापा, आणि ते त्या घरच्यांना फेरी सुरू व्हायच्या आधीच कळवा.