होस्ट्स फाइल की स्वतःचा डीएनएस : छोट्या कार्यालयाने काय निवडावे?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे पाच लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा घरी बसून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याची सोय) लॉगिन करणे एवढाच मार्ग आमच्या हाती उरला होता. सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील अंकी पत्ता, नेमका कोठून मिळावा, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते मला त्या आठवड्यात उमगले.

पहिला पर्याय प्रत्येक यंत्रावरील होस्ट्स फाइलचा, म्हणजे पत्ते आणि नावे लिहिलेल्या साध्या यादीचा. एका ओळीत आधी पत्ता आणि मग नाव लिहिले की काम झाले, कोणतीही सेवा चालू ठेवावी लागत नाही, आणि नाव आधी कोठे शोधायचे ते सांगणाऱ्या एनएसस्विच फाइलमध्ये ‘फाइल्स’ हा शब्द ‘डीएनएस’च्या आधी असेल, तर बाहेरचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बंद पडला तरी नोंदवलेली यंत्रे एकमेकांना ओळखतात. मात्र पत्ता बदलला की पाचही सर्व्हरवर आणि घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तीच दुरुस्ती करावी लागते. एखादी जुनी नोंद राहून गेली, तर ती तक्रारही करत नाही, मुकाट्याने भलत्याच यंत्राकडे नेते. अशा वेळी एसएसएच होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली, बदलल्याचा इशारा देते. तो न वाचताच ओळखीच्या सर्व्हरच्या किल्ल्या साठवणाऱ्या नोन होस्ट्स फाइलमधील ओळ पुसून टाकणे ही फार घातक सवय आहे.

दुसरा पर्याय कार्यालयाच्या स्वतःच्या डीएनएसचा. छोट्या जागेसाठी मी बाइंड या मोठ्या डीएनएस प्रोग्रॅमपेक्षा डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम सुचवेन, कारण ज्या यंत्रावर तो चालतो त्याचीच होस्ट्स फाइल वाचून तो साऱ्या नेटवर्कला उत्तरे देतो आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. बाइंडमध्ये झोन फाइलचा, म्हणजे नोंदींच्या फाइलचा, अनुक्रमांक वाढवायला विसरलात, तर तिची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर जुनीच उत्तरे देत राहतो.

डीएनएसची खरी अडचण तो बंद पडतो तेव्हा कळते. एकदा आमच्या जुन्या सर्व्हरवर एसएसएचने पासवर्ड विचारायलाच सुमारे दहा सेकंद लागू लागले. सगळ्यांनी केबलवर संशय घेतला, पण पिंगची (यंत्र उत्तर देते का ते पाहणारा आदेश) उत्तरे तत्काळ येत होती. कोणत्या डीएनएसला विचारायचे ते सांगणाऱ्या रिझॉल्व्ह फाइलमध्ये एकच नेमसर्व्हर (डीएनएस सर्व्हर) होता आणि तो पत्ता काढून टाकलेल्या राउटरचा होता. एसएसएचडीचा (सर्व्हरवरील एसएसएच सेवेचा) ‘यूजडीएनएस’ हा पर्याय चालू असल्याने तो येणाऱ्याच्या पत्त्यावरून नाव शोधत होता, आणि पाच सेकंदांची मुदत व दोन प्रयत्न या मूळ मांडणीप्रमाणे दहा सेकंद वाया जात होते. ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरच्या ६.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, हा पर्याय मुळातच बंद असतो. जुन्या यंत्रांवर तो हाताने बंद करावा.

कोणताही पर्याय घेतला तरी तपासणी ‘गेटेन्ट होस्ट्स’ या आदेशाने सुरू करावी, कारण तो एनएसस्विचचा क्रम पाळतो, तर ‘डिग’ हा आदेश थेट डीएनएसला विचारतो आणि होस्ट्स फाइलकडे पाहतच नाही. त्यामुळे दोघांची उत्तरे वेगळी आली, तर दोष कोठे आहे ते तिथेच समजते. नाव सापडत नसल्याचा संदेश आला तर प्रश्न नावाचा आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर बहुधा यंत्रापर्यंत आपण पोहोचलो आहोत, पण २२ क्रमांकाच्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. नुसतीच वाट पाहायला लागली तर फायरवॉल किंवा मार्ग तपासावा. एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर ‘एसएसएच’पुढे ‘-व्ही’ लावून लॉगिन कोणत्या पायरीवर थांबते ते पाहावे.

पाचपर्यंत सर्व्हर, क्वचित बदलणारे पत्ते आणि एकच सांभाळणारा असेल, तर होस्ट्स फाइल पुरेशी आहे. घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) येणारी माणसे वाढली, तर डीएनएसमास्क घ्यावा. मात्र व्हीपीएन जोडताना लॅपटॉपला डीएनएसमास्कच्या यंत्राचा पत्ता मिळतो ना हे पाहावे, नाहीतर आयपी पत्त्याने लॉगिन होईल आणि नावाने होणार नाही. आम्ही आता डीएनएसमास्क दोन यंत्रांवर चालवतो, आणि तरीही डेटाबेस व बॅकअप सर्व्हरच्या नोंदी प्रत्येक होस्ट्स फाइलमध्ये, शेजारी तारखेची टीप लिहून, ठेवल्या आहेत.