सरकतं मचाण, एकतीस बैठका: हरणांच्या एका हंगामानंतर

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा धनुष्यबाणाचा हंगाम उघडला, तेव्हा माझं मचाण कोरं करकरीत होतं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी हंगाम संपला, तेव्हा त्याच्या खोडात रुतणाऱ्या दातांवरचा रंग झाडांच्या सालीत उतरला होता आणि खांद्याच्या पट्ट्यांना माझ्या घामाचा वास लागला होता. मधल्या काळात एकतीस वेळा ते पाठीवर घेऊन मी मॅडिसनच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांमध्ये शिरलो. एक मादी मिळाली, एक मोठा नर हातचा गेला, आणि एकदा मी स्वतः झाडावर अडकलो. हे सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवतो. इथे आलेली आपली काही मंडळी हल्ली शिकारीबद्दल विचारतात, त्यांना उपयोग होईल.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते या प्रकारच्या बहुतेक मचाणांना लागू आहे.

मचाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बांबू, दोर आणि खाली बांधलेला बोकड येतो. हे तसं नव्हे. अॅल्युमिनियमचे दोन सुटे भाग असतात, एक बसायचा आणि एक पाय ठेवायचा. दोन्हींना रबरात मढवलेली तार असते, ती खोडाभोवती फिरवून अडकवायची. बसायचा भाग वर सरकवायचा, त्यावर कोपरं रोवून अंगाचा भार टाकायचा, मग पायांनी खालचा भाग वर ओढायचा. पुन्हा वरचा, पुन्हा खालचा. सुरवंट चालतो तसं. सवय झाल्यावर सहा मीटर चढायला मला सात-आठ मिनिटं लागायची. वजन साडेनऊ किलो. दुकानात हे वजन काहीच वाटत नाही. पहाटेच्या अंधारात, चढणीवर, क्रॉसबो (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेलं धनुष्य) आणि कपड्यांच्या पिशवीसकट चांगलंच वाटतं.

हाच प्रकार घेण्यामागे कारण आहे. माझ्या मालकीची जमीन नाही, मी सरकारी राखीव जमिनीवर जातो. राज्याच्या या दक्षिण भागात तिथे मचाण रात्रभर झाडावर ठेवता येत नाही, दिवस संपला की उतरवून न्यावं लागतं. खोडात खिळे किंवा स्क्रू मारायला बंदी आहे. शिडीचं मचाण शेतकऱ्याच्या जमिनीवर उत्तम, पण रोज कोण वाहून नेणार? सरकतं मचाण मात्र रोज वेगळ्या झाडावर लागतं, आणि हीच त्याची खरी ताकद आहे हे मला नोव्हेंबरच्या सुरुवातीला कळलं.

या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातले बर्फाचे थर आजूबाजूची जमीन सपाट करून गेले, हा तुकडा तेवढा सुटला. म्हणून इथे खोल घळी, ओढे, चुनखडीचे कडे आणि लांबच लांब सोंडा आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजऱ्याकडचे डोंगर आठवले, फक्त माती काळी आणि झाडं ओकची. अशा जमिनीत वारा सरळ वाहत नाही. मोबाइलवर वारा पश्चिमेचा दिसतो आणि घळीत तो गोल फिरत असतो. त्यात भर म्हणजे, ऊन आलं की तापलेली हवा उतारावरून वर चढते आणि संध्याकाळी गार हवा पाण्यासारखी खाली ओघळते. पांढऱ्या शेपटीचं हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर जगतं. तुम्ही सहा मीटरवर आहात की सोळा, याचं त्याला सोयरसुतक नाही. तुमच्या अंगाचा वास त्याच्यापर्यंत पोचला की संपलं.

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला यावर फार सोपा उपाय शिकवला. ते गेली चाळीस वर्षं शिकार करतात. त्यांनी खिशातून मिल्कवीडची वाळलेली शेंग काढली, त्यातल्या दोन-तीन म्हाताऱ्या हवेत सोडल्या आणि म्हणाले, कुठे जातात बघ. मी हसलोच. आपल्याकडे रुईच्या म्हाताऱ्या पकडायला आम्ही शाळेच्या मैदानावर धावायचो, त्याच या. रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातले. बाजारात वारा पाहायला पावडरच्या बाटल्या मिळतात, पण पावडर हातभर अंतरावर विरून जाते. म्हातारी साठ-सत्तर मीटर दिसत राहते, आणि मध्येच वळली तर वळलेली दिसते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नर माद्यांच्या मागे वेडे झालेले असतात तेव्हा, मी एका सोंडेवर बसलो होतो. झाडं शिंगं घासून सोललेली, जमीन खुरांनी उकरलेली, जागा अगदी नामी. चारच्या सुमाराला मोठा नर आला. मान सुजल्यासारखी जाड, नाक जमिनीला. पन्नास मीटरवर होता. मला वाटलं वारा माझ्या बाजूचा आहे, कारण दुपारी होता. पण ऊन सोंडेमागे गेलं होतं आणि गार हवा खाली सरकायला लागली होती. तो थांबला, डोकं वर केलं, एकदा फुस्कारला आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत गेला. मी खिशातली म्हातारी सोडली ती नंतर. ती सरळ, न डगमगता, तो उभा होता तिथेच गेली. त्या संध्याकाळी उतरताना मला फार वाईट वाटलं. शेंग खिशात होती, अर्धा तास आधी सोडली असती तर झाड बदलता आलं असतं.

त्या दिवसानंतर मी बसण्यापूर्वी खालून एक आणि बसल्यावर दर अर्ध्या तासाला एक म्हातारी सोडतो. दोनदा असं झालं की वर चढून बसलो, हवा वेगळी निघाली आणि उतरून शंभर मीटरवरच्या दुसऱ्या झाडावर गेलो. ठोकलेल्या मचाणावर ही मुभाच नसते. घ्यायचं की नाही असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच.

आता वाईट बाजू. पहिली म्हणजे झाड. सरळ, फांद्या नसलेलं, साधारण वीत-दीड वीत ते दोन वीत जाडीचं खोडच लागतं. बासवुड आणि अॅस्पेन छान. शॅगबार्क हिकरीची साल पोपडे निघाल्यासारखी लोंबत असते, दात घसरतात आणि आवाजही फार होतो. आणि अॅश झाडावर चढूच नका. एमरल्ड अॅश बोअरर हा किडा विस्कॉन्सिनमध्ये २००८ मध्ये सापडला, तेव्हापासून इथल्या अॅशच्या राया उभ्या वाळत आहेत. मेलेलं अॅश लवकर ठिसूळ होतं. लांबून सरळसोट आणि मोहात पाडणारं दिसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. पानं गळण्याआधीच झाडं ओळखून खुणा करून ठेवा.

दुसरी म्हणजे आवाज. थंडीत धातूवर धातू आपटला की तो आवाज दरीभर जातो. मी सगळ्या कडांना कापडी टेप गुंडाळली, साखळ्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली. विकणाऱ्यांनी हे करूनच द्यायला हवं होतं. बसायची जाळी मात्र उत्तम, चार तास बसूनही पाठ धरली नाही.

तिसरी गोष्ट अडकण्याची, आणि यावर मी थोडं सविस्तर लिहितो. दोन्ही भागांना जोडणारी एक पट्टी असते. सप्टेंबरच्या तिसऱ्या बैठकीला ती मी नीट आवळली नाही. उतरायला लागलो, पाय क्षणभर सुटले आणि खालचा भाग खोडावरून घसरत दीड मीटर खाली गेला. मी वरच्या भागावर कोपरांनी लोंबकळत होतो. अंगावर पूर्ण शरीराचा पट्टा होता, त्याचा दोर डोक्याच्या वर खोडाला आवळलेला होता, म्हणून मी आज हे लिहितोय. जोडपट्टी ढिली होती तरी सुटली नव्हती, तिला धरून खालचा भाग वर ओढून घेतला. त्याला पाच मिनिटं लागली असतील. ती पाच मिनिटं मी बायकोला सांगितली नव्हती, आता हे वाचून तिला कळेल.

पट्टा जमिनीवरच घालायचा आणि पहिल्या पावलापासून झाडाला बांधलेला ठेवायचा. वर पोचून बांधू म्हणणाऱ्यांचे अपघात चढता-उतरतानाच होतात. पट्ट्यावर लोंबकळत राहिलात तर पायांतलं रक्त वर येत नाही आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून पाय टेकवायची छोटी पट्टी त्यात असते. ती जमिनीपासून हातभर उंचीवर लोंबकळून एकदा वापरून पाहा. शिट्टी आणि मोबाइल हाताला लागेल अशा खिशात. क्रॉसबो पाठीवर लावून चढू नका. बाण न लावता दोरीने बांधून ठेवा आणि बसल्यावर वर ओढा.

क्रॉसबोबद्दल थोडक्यात. विस्कॉन्सिनमध्ये २०१४ पासून तो सगळ्यांना वापरता येतो. मी तोच घेतला, कारण एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला बंदुकीचे केंद्रीय नियम वेगळे आहेत: शिकारीचा वैध परवाना असल्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. क्रॉसबो त्या कायद्याने बंदूक ठरत नाही. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सुरक्षेचा अभ्यासक्रम मात्र करावाच लागतो, आणि तो मनापासून करा. मी स्वतःला तीस मीटरची मर्यादा घातली होती आणि ती एकदाही ओलांडली नाही.

मादी मिळाली ती ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. पांढऱ्या ओकची फळं खाली पडत होती. ती इतर ओकच्या मानाने कमी तुरट, हरणं आधी त्यांच्यावरच येतात. दोन माद्या आल्या, पाडस बरोबर नव्हतं हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मोठी वीस मीटरवर आडवी उभी राहिली. बाण गेला, ती उडाली आणि झुडपात दिसेनाशी झाली. मग अर्धा तास मी हललो नाही. हा अर्धा तास सगळ्यात कठीण. घाई करून मागे गेलात तर जखमी जनावर उठून मैलभर जाऊ शकतं. उतरून बाण पाहिला, रक्त फिकट, बुडबुड्यांचं. म्हणजे फुप्फुस. ऐंशी मीटरवर ती पडली होती, तिला फार वेळ लागला नव्हता. मी शेजारी बसलो, तिच्या मानेवर हात ठेवला. अंग अजून गरम होतं. आजोबा बोकड कापण्याआधी त्याला पाणी पाजायचे, ते आठवलं. माझ्याकडे बाटलीत होतं, ते मी तिच्या ओठांवर लावलं. याचा काही उपयोग नाही हे कळत होतं, तरी लावलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हरीण रे ते. काय लागतं त्याला मारायला?" मी तिला म्हटलं, आई, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदी आहे ती योग्यच आहे, तिथे हरणं वाचवायची आहेत. इथे लांडगे जवळपास नाहीत, हरणं शेतं आणि कोवळी झाडं खाऊन टाकतात, आणि परवान्यांचा आकडा राज्य ठरवतं. तिला पटलं असं नाही. "वाया घालवू नकोस काही," एवढंच म्हणाली. ते मी पाळलं.

नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन करायची असते. त्याच रात्री केली. मग डोकं, मानेचा थोडा भाग ठेवून, तपासणीच्या पेटीत टाकलं. विस्कॉन्सिनच्या रानटी हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा आजार २००२ मध्ये सापडला आणि आमचा भाग त्याचा जुना अड्डा आहे. हा प्रिऑनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचा आजार. शिजवल्याने प्रिऑन मरत नाहीत. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. तपासणी फुकट आहे. बारा दिवसांनी "आढळला नाही" असा निकाल आला, तोवर वीस किलो मांस फ्रीजरमध्ये नाव आणि तारीख घालून पडून होतं. निकालाआधी एक तुकडाही शिजवला नाही.

मांसाला चरबी जवळजवळ नसते, आणि जी असते ती मेणासारखी टाळूला चिकटते. ती सगळी काढा. नळ्यांचा तांबडा रस्सा मंद आचेवर चार तास ठेवला, तेल नेहमीपेक्षा दुप्पट. मांडीचं सुकं मात्र पटकन परतायचं, नाहीतर चामडं होतं. दिवाळीनंतरच्या शनिवारी आठ जण जेवायला होते, टोप रिकामा झाला.

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू झाला. तेव्हा धनुष्यवाल्यालाही कमरेच्या वर किमान अर्धा पोशाख भडक केशरी किंवा गुलाबी घालावा लागतो. मी तीन दिवस बसलो. बार दिवसभर वाजत होते, हरणं रात्रीच बाहेर पडत होती. डिसेंबरमध्ये दोनदा पारा उणे पंधराला गेला, तिथे चांगल्या बुटांपेक्षा चढताना घाम न येऊ देणं महत्त्वाचं ठरलं. जाकीट पिशवीतच ठेवा, वर बसल्यावर घाला.

मचाण आता गॅरेजमध्ये टांगलं आहे. तारा तपासल्या, एका तारेचं रबर फाटलं आहे, ती बदलणार. जोडपट्टी नवी आणली. खिडकीतल्या काचेच्या बरणीत मिल्कवीडच्या अकरा शेंगा ठेवल्या आहेत, मुलगी रोज त्यातली एक उघडायला मागते.