चेनखालच्या पट्ट्या: साधं यूएचएमडब्ल्यू की क्रॉसलिंक?

कांद्याच्या ग्रेडरला, म्हणजे आकारानुसार कांदे निवडणाऱ्या मशीनला, चेनखाली कुठल्या पट्ट्या टाकायच्या, हे मी दोन्ही वापरून झाल्यावर सांगतोय. साधं यूएचएमडब्ल्यू म्हणजे खूप लांब रेणूंचं चिवट पॉलिथिलीन प्लास्टिक, आणि क्रॉसलिंक म्हणजे तेच, पण रेणू एकमेकांना जोडलेलं. माझं युनिट लासलगावच्या बाजूला, कांद्याबरोबर माती येतेच आणि ती चेनमध्ये शिरली की कानस फिरवल्यासारखी पट्टी खाते.

साधी पट्टी वाईट नाहीये हां. स्वस्त पडते, आणि हॉपरमध्ये जिथे गोण्या धाडधाड रिकाम्या होतात तिथे मी आजही तीच लावतो, कारण क्रॉसलिंक केलेला माल थोडा कमी चिवट असतो, मार खायला साधाच बरा. उन्हाने वाढायचं म्हणाल तर दोन्ही सारख्याच, 20 अंशांचा फरक पडला की 3 मीटरची पट्टी सेंटीमीटरभर लांबते, भोकं लांबट पाडावीच लागतात.

माझं डोकं फिरवलं ते चराने. चेनने साध्या पट्टीत चर पाडला की जॉइंटवर झटका बसतो, कांदे उडतात, मग बदला पट्टी. बदलायची म्हणजे चाळीस अ‍ॅलन बोल्ट, प्रत्येकाच्या खाचेत माती आणि टरफलं घट्ट बसलेली, ती खिळ्याने उकरत बसायचं आणि बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतायत. एका सीझनला दोनदा हे केलं, पुढच्या वर्षी गपगुमान क्रॉसलिंक टाकलं.

यात प्लास्टिकच्या पावडरमध्येच पेरॉक्साइड नावाचं रसायन मिसळतात, प्रेसमध्ये तापलं की ते फुटतं, पॉलिथिलीनच्या रेणूंच्या साखळ्यांवरचा हायड्रोजन ओढतं आणि मोकळ्या झालेल्या जागी साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळे घासून सहज सुटत नाहीत. मोजलं वगैरे काही नाही, पण दोन सीझन झाले आणि चर नखाला जेमतेम लागतो. तुमच्याकडची माती वेगळी असेल तर मी छातीठोक नाही सांगणार.

खोड्या यालाही आहेत. कापताना गोडसर वास येतो, दुपारपर्यंत डोकं जड होतं. वेल्डिंग विसरा, आणि उरलेले तुकडे बघून भंगारवाला तोंड वाकडं करतो.

घेताना लायटर लावून तपासू नका, साधं यूएचएमडब्ल्यूसुद्धा वितळून वाहत नाही, नुसतं काचेसारखं होतं, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात. गरम झायलीन या सॉल्व्हंटमध्ये मात्र साधं विरघळतं आणि क्रॉसलिंक फुगून तसंच राहतं, त्यावरूनच जेल कंटेंट, म्हणजे न विरघळलेल्या भागाचं प्रमाण, काढतात. तो रिपोर्ट मागा, आणि सप्लायर आढेवेढे घ्यायला लागला तर साध्या पट्टीचाच भाव द्या.